चिप काही बोलून नाई राह्यली

...अन् वरून आमची करिश्मा मले म्हंते, "साधी घंटी लावून द्या ना!" घंटी! तुमाले सांगतो, बायकोले घंटी लावा म्हणाले काय जाते? पडलेला माणूस घंटी वाजवीन कसा? सांगा ना!

म्हंजे झालं काय, माहे बाबा, देवमनजी, हिवरखेडले राह्यतात. आई गेल्यापासून एकटेच. मी इकडे अकोल्यात, टीव्ही-मिक्सर दुरुस्तीचं दुकान घेऊन बसलो. "बाबा, चाला अकोल्याले," म्हनलं का म्हंतात, "तिथं मले करमत नाई." फोन लावला त उचलत नाईत. मागच्या हिवाळ्यात न्हाणीत पडले, अन् पडूनच राह्यले... शेजारची शकुनकाकू विरजण मांगाले आली म्हणून समजलं! अन् नाई आली असती त?

म्हणून म्हनलं, आपण यंत्र बनवू. बाबानं सकाळी उठून एक बटन दाबाचं. दाबलं त ठीक. नाई दाबलं, त शकुनकाकूच्या सैपाकघरात आपोआप बोंबललं पाह्यजे! आता हा हिशोब ध्यानात कोन ठेवीन? चिप! काळी, गोमीसारखे पाय असलेली, इवलीशी चिप. पण तिले पह्यले प्रोग्राम शिकवा लागते, अन् तो शिकवाचं डबडं माह्यं जळालेलं!

अमरावतीले विपुल म्हणून दोस्त हाय, त्याले फोन केला. "अबे, डबडं कायले पाह्यजे? तो तळहाताएवढा कम्प्युटर हाय ना तुह्यापाशी? त्याच्या काठाले पिना हायेत, त्याइच्यावरून सरळ वायरी लाव चिपच्या पायाइले. झालं!"

झालं म्हंते! एक वायर जानारी, एक येनारी, एक ठोक्याची, एक रिसेटची, वरून करंटच्या वेगळ्या... अन् हा तिकडून बोंबलते, "पाच व्होल्ट नोको देजो बे, कम्प्युटर जाईन!" लावल्या बाप्पा. हुकूम दिला. पडद्यावर काय आलं? चिप सापडली नाई! अरे सापडली नाई म्हंजे? समोर बसून हाय ना डोळ्यापुढं! चिप काही बोलून नाई राह्यली!

विपुल म्हंते, "जानारी-येनारी उलटी लावली असशीन." उलटीच होती! पलटवली. चिप काही बोलून नाई राह्यली! मंग एक वायर सैल निंघाली, ते दाबली... अन् बोलली हो! असा आनंद झाला, का गिऱ्हाइकाचा मिक्सर तसाच उघडा टाकून घरी चहा प्याले गेलो.

दुकानात परत आलो, अन् तिथंच माती खाल्ली. मले वेळ पक्की पाह्यजे होती ना, म्हणून चिपले सांगतलं, आता तुह्या मनानं नोको चालू, घड्याळात टिकटिक करते तसल्या बाहेरच्या क्रिस्टलच्या ठोक्यावर चाल. अन् क्रिस्टल? तो लावलाच नाई! आता ठोका येईन तवा चालीन म्हणून ते बसली वाट पाह्यत. चिप काही बोलून नाई राह्यली! करिश्मा आली, पाह्यलं, म्हंते, "जेवता का?" म्हनलं, "पह्यले हे चिप बोलू दे." तिकडे बाबा न्हाणीत जाऊन राह्यले असतीन, अन् इकडे मी एका गोमीची मनधरणी करून राह्यलो!

शेवटी विपुलच म्हंते, "त्याच कम्प्युटरच्या एका पिनीवरून ठोका दे तिले." देल्ला. उठली! मेलेली चिप उठली! मंग क्रिस्टल बसवला, हिवरखेड गाठलं, भिंतीतून वायर टाकली, सगळं लावलं. बाबानं बटनाकडं पाह्यलं अन् म्हंतात, "म्हंजे आता हे मले रोज सकाळी इचारीन, जिता हायेस का म्हणून?"

मंग एक दिवस फोन वाजला. बाबाचा! जो माणूस फोन उचलत नाई, त्यानं लावला! "नागसेन, तुह्यं यंत्र बंद पडलं. येतं का?"

गेलो ना एसटीनं, कम्प्युटर अन् वायरी थैल्यात भरून. पाह्यतो त काय, चिपच नाई जागेवर! नुसतं खोबणीचं भोक! "बाबा, चिप कुठी गेली?" "निसटली असन," म्हणाले, अन् सदऱ्याच्या खिशातून काढून देल्ली! तुमाले सांगतो, ते चिप आपोआप निसटत नाई हो. पेचकस घालून उचकटा लागते. मंग पुन्हा बसवली. बाबानं दोघाइपुरतं पिठलं टाकलं होतं. जेवलो, त्याइनं आईच्या हातच्या पिठल्याचं सांगतलं, आइकलं, अन् आलो. पुढच्या आठवड्यात पुन्हा फोन... "निसटली." त्याच्या पुढच्या आठवड्यात बी!

परवा करिश्मा म्हंते, "अहो, एवढी निसटते त सोल्डर करून टाका ना पक्की! मिटली कटकट."

बरोबर हाय तिचं. दिवसभर सोल्डरच मारत असतो मी. दोन टाके, झालं काम...

म्हनलं, "राहू दे वं. जास्त तापली त जळते ते."