डावी बाजू

द्वारकेतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर एक वयस्क जोडपं बसलं होतं. इथं मराठी कुणाला कळणार, अशा बेफिकिरीनं दोघं बोलत होती.

"काय म्हणाले डॉक्टर?"

"डाव्या डोळ्याची नस बंद झाली. पडद्याला रक्तच पोचलं नाही, म्हणून तो सुकला."

"परत दिसेल ना?"

"नाही म्हणाले. उजवा सांभाळा, बीपी सांभाळा."

"तरीच महिनाभर चहा कपाबाहेर ओतताय. मला का नाही सांगितलंत?"

"तू घाबरली असतीस."

"आता बाहेर पडलं की मी तुमच्या डावीकडून चालेन."

"मग तू मला दिसणार नाहीस, शुभदा."

"हात धरीन ना."

"भररस्त्यात? सोसायटीतले बघतील."

"बघू देत. त्या बाजूचे तुम्हाला कुठे दिसणार आहेत?"