नारळवाल्याची हाक आणि सेमीफायनल

वरून काही पडत असताना खालच्या माणसाने बाजूला व्हायचं नाही, असा खेळ तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिला. माझी नात मनाली पालघरच्या कॉलेजात बास्केटबॉल खेळते, तिच्यामुळे.

तिची टीम वर्षभर जिंकत आली होती. बोईसरला सेमीफायनल होती, हरलं की घरी. मी शिरगावाहून पहिल्यांदाच बघायला गेलो आणि शेजारच्या बाईंना विचारत बसलो, "जाळीला बूड का नाय? बॉल राहील कसा?" त्यांनी न कंटाळता सांगितलं.

शेवटच्या घडीला आपल्या पोरी एका गुणाने पुढे होत्या. समोरच्या उंच पोरीने बॉल फेकला. तो रिंगवर डुगडुगला, आणि मी ओरडलो, "सरकाऽ!"

काय करू, चाळीस वर्षं नारळ पाडतोय. वरून काही सुटलं की तोंडातून तेच निघतं. मनाली लहानपणापासून या हाकेवर पळते. ती डोक्यावर हात धरून बाजूला झाली. बाकी कोणी हललं नाही. उंच पोरीने पडता बॉल झेलून पुन्हा आत टाकला, आणि शिट्टी वाजली; एका गुणाने आपण हरलो.

येताना रिक्षात मनाली बुटांच्या नाड्या सोडत होती. मी हळूच विचारलं, "त्या पोरी का नाय सरकल्या गं?"

"त्यांच्याकडं नारळ नाय, आजोबा."

"मग पुढच्या वर्षी मी येऊ का नको?"

"या की. पण आधी समोरच्या टीमला आठ दिवस आपल्या वाडीत आणून ठेवा."