तेवढं काम राहू दे

कर्जतच्या बाजारात आदिलचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. रूपा तिथं आपल्या चार्जरची वाट बघत बाकावर बसली होती. काउंटरपाशी पोशीर गावच्या पारूबाई उभ्या होत्या, समोर त्यांच्या मुलाचा उघडलेला कॉम्प्युटर.

“मावशी, आत आठ जीबी मेमरी बसवलीय. पण हा सव्वातीनच्या वर दाखवत नाय.”

“आमच्या सुमितनं बसवली. मस्कतवरनं घेऊन आला व्हता. आता पळंल म्हणाला.”

“आतली सिस्टिम जुनी हाय, बत्तीस बिटची. चार जीबीच्या पुढच्या जागांना द्यायला तिच्याकडं नंबरच नायत, अन् त्यातले थोडे बाकीच्या पार्टांना जातात. घराला नंबर नसंल तर पोस्टमन पत्र टाकणार कुठं, तसं.”

“म्हंजी बाकीची वाया गेली?”

“वाया नाय. नवी सिस्टिम टाकली की तीपण वापरता येईल. तासाचं काम हाय.”

“सुमितला हे कळलं नसंल व्हय रं?”

“कळलं असंल. वेळ पुरला नसंल.”

“चार दिवस तर आला व्हता. तीन दिवस दोस्तांकडंच. शेवटच्या दिवशी हे खोलून बसला. दिवसभर घरात व्हता बघ. मी वाटीत स्क्रू घेऊन बाजूला बसले व्हते.”

“मग टाकू का सिस्टिम?”

रूपाचा चार्जर काउंटरवर आला होता. ती उठली नाही.

“नको. बांध तसाच. दिवाळीला येतो म्हणालाय.”

“तवर हळू चालंल, मावशी.”

“चालू दे. आला की घरात बसायला त्याला काय तरी काम हवं ना.”