बरणीखालची ताटली

ऑपरेशनच्या खोलीबाहेर माझ्यासमोरच्या बाकावर तिघं बसली होती: एक म्हातारे घड्याळजी, पायाला पट्टी बांधलेली त्यांची बायको आणि पलीकडे कोणी शिवणकामवाल्या ताई.

“ताई, सांगून पटायचं नाही, पण बिनसाखरेची साखर मी घरी बनवतो! दुकानातली डबी कुठली परवडायला? कुंडीत स्टीव्हिया लावला. पानं वाळवायची, कुटायची, दुधाच्या पावडरीत मिसळायची. चिमूटभर विहिरीत टाका, अख्ख्या गल्लीचा चहा गोड!”

“मग काकूंची शुगर उतरली असेल.”

“उतरेल हो. आज फक्त अंगठा काढणार आहेत.”

“गेल्या खेपेला फक्त करंगळी होती,” बायको म्हणाली.

“तू गप गं. आणि टिकते किती, ताई! वर्षभर खडा धरत नाही. बरणी तेवढी पाण्याच्या ताटलीत ठेवायची, म्हणजे मुंग्या चढत नाहीत.”

“मुंग्या? काका, साखरच नाही तर मुंग्या कशाला येतील?”

“येतात आपल्या... सवयीनं.”

“काका.”

“हळू बोला हो. झाड उन्हाळ्यातच जळालं. ही फिका चहा तसाच बाजूला सारायची, जेवणाला तोंड लावायची नाही. म्हटलं, दोन घोट तरी आवडीनं घेईल. म्हणून बरणीत साखरच दळून भरली. हिला यातलं काही ठाऊक नाही.”

“अहो, मुंग्यांना कळलं ते मला कळलं नसेल?”