मीटरचं पान

मी आन् कोळारच्या कारखान्यात सर्किटं जोडणारा माझा दोस्त शिवराज, नवशिक्यांसाठी सर्किटची खिशात मावणारी पुस्तिका करायलो होतो, तवाची गोष्ट. रेझिस्टर, म्हंजे करंट अडवणारा बारका भाग, किती ओहमचा हाय ते त्याच्यावरच्या रंगीत पट्ट्यांवरून ओळखायचं पान मी हौसेनं रंगवलं.

शिवराज म्हणला, "हे पान काढ."

"कामून?"

तो म्हणला, "मला लाल आन् हिरवा येगळा दिसत न्हाई. कारखान्यात कुणालाच सांगितलं न्हाई. मी हरेक रेझिस्टर मीटरनं मोजूनच लावतो."

इतक्या वर्षांच्या दोस्तीत मला पत्ताच नव्हता. मी रंगांचं पान ठेवलं, पण त्याच्या आधी मीटरनं मोजायचं पान घातलं.

पुस्तिका वाटल्यावर कमठाण्याच्या एका मास्तरांचा फोन आला. "ते मीटरचं पान लई कामाचं हाय. मला रंग कळत न्हाईत."

मी फोन शिवराजच्या हातात दिला. चहा गार झाला तरी दोघं बोलतच होते.