परत कधी जाणार

सन छत्तीसच्या उन्हाळ्यात परशराम लेकीला, मालूला, खानापूरला सासरी पोचवायला निघाला होता. निपाणीच्या मोटार अड्ड्यावर शेजारीच बोरगावचे बाळगोंडा आणि त्यांची लेक राजमती बसले होते. बेळगावच्या प्रदर्शनासाठी काढलेली चित्रं तिच्या मांडीवर होती.

"राजमती, प्रदर्शनवाल्यांनी 'माझं घर' काढा म्हटलंय. ह्यात घर कुठं हाय गं?"

"हे काय आप्पा. तंबाखूची वखार, नदीचा घाट, बस्तीच्या देवळाचा कट्टा."

"बाईचं घर म्हंजी नवऱ्याचं."

"तिथं मी लई राबले. कागद दिसला की सासू चुलीत घालायची. माहेरी आले तर रोज कोणतरी इचारतंय, परत कधी जाणार."

"लोक इचारणारच."

"वखारीतल्या बायका इचारत न्हाईत. सरकून जागा देतात. जिथं जागा देतात, ते माझं घर."

"असं त्या परीक्षकांम्होरं बोलणार तू?"

"व्हय. त्यांनी न्हाय इचारलं तरी बोलणार."

"आणि त्यांनी चित्रं परत केली तर?"

"घेऊन येईन. पुसणार न्हाय."

बाळगोंडा म्हणाले, "मी बी इचारलोय व्हय गं, कधी जाणार म्हणून?"

"सगळ्यांच्या आधी तुम्हीच, आप्पा."

मोटार आली. बाळगोंडांनी चित्रं स्वतःच्या हातात घेतली आणि लेकीला पुढं चढू दिलं.

परशरामानं मालूचं गाठोडं उचललं आणि परत खाली ठेवलं.

"मालू, तुला जायाचं हाय का गं?"

"न्हाय, बाबा."

मोटार त्या दोघांना न घेताच गेली.