समोरची रांग

डॉक्टर : सत्तावीस.

अरुंधती : परत मोजलीत रांग?

डॉक्टर : मी कशाला मोजतोय? खिडकीतून दिसतं ते. अठ्ठावीस. रणजीतही गेला बघ. याच्या बापाचा दमा बावीस वर्षं मी सांभाळला आणि हा साधा खोकला घेऊन समोर गेला.

अरुंधती : दहा रुपयांचा केसपेपर, औषध फुकट. त्याचा ओव्हरटाइम बंद झालाय कंपनीत. तो तिकडेच जाणार.

डॉक्टर : मी कधी कुणाला पैशांवाचून परत पाठवलं? चाकणच्या या बाजूला नुसती कांद्याची शेतं होती, तेव्हा राजगुरुनगरहून लूनावर येत होतो मी. तेव्हा कुठे होता हा ग्रामपंचायतीचा दवाखाना? आता उठसूट 'आपली पूर्वी डॉक्टर'. लक्ष्मणरावांच्या त्या पूर्वीला गोवर निघाला होता, तेव्हा औषध कुणी दिलं?

अरुंधती : तुम्ही. म्हणून काय तिनं डॉक्टर व्हायचं नाही?

डॉक्टर : व्हावं की. पण माझ्या दारासमोर?

अरुंधती : जळताय तुम्ही.

डॉक्टर : जळतोय. बायकोपाशी तरी खरं बोलू दे.

अरुंधती : हळू बोला, आक्काबाई येतायत. अहो, लंगडतायत त्या.

(आक्काबाई चपला दाराबाहेर काढून आत येतात. हातात कापडी पिशवी.)

आक्काबाई : डॉक्टर, हायत का? बरं झालं बाई, गर्दी न्हाई.

डॉक्टर : गर्दी समोर आहे. तुम्ही कशा वाट चुकलात?

आक्काबाई : टोमणं नगा मारू. पायाला चप्पल चावली, ती जखम भरंनाच.

डॉक्टर : मग दाखवायची की तुमच्या पूर्वी डॉक्टरांना.

आक्काबाई : दाखवली. पंधरा दिस झालं. तिनं बोटातनं रगत घेतलं, म्हणली साखर लई हाय. म्हणली, आजी, आदी कुणी तपासली न्हाई का?

डॉक्टर : मग? घेतलंत माझं नाव?

आक्काबाई : घेतलं की. म्हणलं, आमचं डॉक्टर दोन वरसं मागं लागलं हुतं तपासा म्हणून, मीच टाळलं.

डॉक्टर : असं सांगितलंत?

आक्काबाई : खरं त्येच हाय. ह्या गोळ्या दिल्यात तिनं. बघा जरा.

डॉक्टर : बरोबर आहेत. मीसुद्धा याच दिल्या असत्या. पण आक्काबाई, पाकीट तर भरलेलं आहे. एकही गोळी फोडलेली नाही.

आक्काबाई : घेतल्याच न्हाईत.

डॉक्टर : पंधरा दिवस? का?

आक्काबाई : तुमीच न्हाई का रंगरावास्नी म्हणलात, फुकटच्या गोळीत खडूची पूड असती म्हणून? त्येंनी पारावर समद्यांस्नी सांगितलं.

अरुंधती : असं म्हणालात तुम्ही?

डॉक्टर : रंगराव पाठ दुखतेय म्हणून आले होते. बोलता बोलता खिडकीकडं लक्ष गेलं. तोंडातून गेलं.

अरुंधती : आणि मला म्हणता, घरात बोलतो तेवढंच.

आक्काबाई : त्येंना नगा बोलू बाई. आमच्या आळीत समद्यांच्या गोळ्या डब्यात पडल्यात. साखरंच्या, बीपीच्या. रंगराव सोता घेत न्हाईत.

डॉक्टर : मग ही रांग कशाला लावता रोज?

आक्काबाई : पोर आपली हाय, तिला वाईट नगं वाटाय. तपासून घेतो, गोळ्या आणतो आन ठिवून देतो. तुमी व्हय म्हणलात की घेऊ, म्हणून थांबलोय आमी.

डॉक्टर : पाय वर घ्या.

आक्काबाई : तुमच्या गादीवर? घाण हाय त्यो.

डॉक्टर : घ्या म्हणतो ना. अरुंधती, टॉर्च धर. इथं दाबलं तर दुखतं?

आक्काबाई : न्हाई. दुखत न्हाई, त्येच बरं.

डॉक्टर : ते बरं नाही आक्काबाई. अंगठा काळा पडायला लागलाय.

आक्काबाई : पाय जाईल का माझा?

डॉक्टर : पाय वाचेल, पण आजच मोठ्या हॉस्पिटलात जायला हवं. अंगठ्याचं मात्र मी खात्रीनं सांगू शकत नाही.

आक्काबाई : गोळ्या घेतल्या असत्या तर?

अरुंधती : सांगा की.

डॉक्टर : पंधरा दिवसांपूर्वी सुरू केल्या असत्या, तर बहुतेक इथवर आलं नसतं. चूक माझी आहे. गोळीत खडू नव्हता, माझ्या पोटात दुखत होतं.

आक्काबाई : तुमच्या? कशापायी?

डॉक्टर : त्या रांगेपायी.

आक्काबाई : आता काय म्हणावं तुमाला! एकदा इचारायचं हुतंत. समदी तुमचीच माणसं हुती की रं बाबा.

डॉक्टर : अरुंधती, रिक्षा बोलाव. आणि माझ्या चपला दे.

अरुंधती : कुठे निघालात?

डॉक्टर : समोर. पूर्वीकडून यांची चिठ्ठी घ्यायचीय, सरकारी हॉस्पिटलात तिचीच लागेल. आणि त्या लोकांना सांगायचंय, घरी जाऊन डबे उघडा म्हणून.

अरुंधती : आणि पूर्वीला काय सांगाल?

डॉक्टर : रंगरावांना जे बोललो ते. सगळं.

अरुंधती : सगळ्यांदेखत?

डॉक्टर : त्यांच्यापुढंच सांगायला हवं. आक्काबाई, माझ्या खांद्यावर हात ठेवा. पाय टेकवू नका.

अरुंधती : किती झाले आता रांगेत?

डॉक्टर : एकतीस. मोठ्यानं बोलावं लागेल.